ज्यांच्या घरी काही शिजले नाही

शास्त्रपाठ : नहेम्या ८:१-१२, रूथ ३:१४-१७, लूक २:१-२०





डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला, की ख्रिस्ती वस्तीतून जाणाऱ्याला दिनदर्शिका पाहावी लागत नाही. एका घरातून रवा भाजल्याचा वास येतो, दुसऱ्यातून खोबऱ्याचा, तिसऱ्यातून तळणीवरच्या चकल्यांचा. माळ्यावरचे डबे खाली उतरतात. वर्षभर कोणाला न आठवलेले कातणे आणि सोऱ्या शोधण्यासाठी सारे घर पालथे घातले जाते. शंकरपाळ्यांचे प्रमाण आजी तोंडपाठ सांगते : वाटीभर तूप, वाटीभर साखर, वाटीभर दूध, आणि त्यात मावेल तेवढा मैदा. कोणी केकचे मिश्रण डब्यात घालून ओळखीच्या बेकरीच्या भट्टीवर नेतो आणि आपलाच डबा परत मिळावा म्हणून त्यावर खूण करून ठेवतो. मुले काट्याच्या पाठीवर कुलकुल वळायला बसतात. त्यांतली काही वाकडीतिकडी होतात, आणि ज्याची त्याला तीच सर्वांत चांगली वाटतात.

आपली मराठी मंडळी महाराष्ट्राबाहेरही ठिकठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आहे. तिच्या ताटात दर ठिकाणचा शेजार थोडाथोडा आला आहे. जिला आपण करंजी म्हणतो, तिला इंदूर-ग्वाल्हेरकडे गुजिया म्हणतात, बडोद्याला घुघरा म्हणतात, गोव्यात नेवरी म्हणतात. बेळगावकडे कन्नड शेजारीण तिला करजीकायी म्हणते, तर हैदराबादची तेलुगू शेजारीण कज्जिकाय म्हणते. सारण थोडे बदलते, नाव बदलते. पण पारीचा अर्धचंद्र तोच, आणि कडेला मुरड घालणारी बोटेही तशीच. आपण वापरतो तो ‘नाताळ’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीज भाषेतून आला आहे. देवाच्या पुत्राच्या जन्माचा आनंद या भूमीत असा अनेक भाषांचा आणि अनेक चुलींचा हात लागून आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

परंतु दर वर्षी एक प्रश्न उभा राहतो. कोणी म्हणतात, “नाताळ म्हणजे केवळ खाणे, कपडे आणि पाहुणे असे झाले आहे, ख्रिस्त बाजूला राहिला.” दुसरे म्हणतात, “वर्षातून एकदा लेकराबाळांच्या तोंडी गोड घास पडतो, त्यातही पाप पाहायचे काय?” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आपण भांडण्यापेक्षा शास्त्राकडे जाऊ या. सणाच्या स्वयंपाकाविषयी देवाच्या वचनात काही सांगितले आहे काय? सांगितले आहे, आणि ते फार स्पष्ट आहे.

रडणारी मंडळी आणि मिष्टान्न

ख्रिस्तजन्माच्या सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी यरुशलेमेचा पडलेला कोट ५२ दिवसांत बांधून काढला होता. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी स्त्री-पुरुष आणि समज असलेली मुले पाणवेशीसमोरच्या चौकात जमली. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला आणि त्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचले. लोकांना ते समजावून सांगण्यात आले, आणि ऐकता ऐकता सारी मंडळी रडू लागली. आपण काय होतो, काय झालो, देवापासून किती दूर गेलो, हे त्यांना कळले.

आम्हां पाळकांना अशी सभा मिळाली तर आम्ही काय करू? आणखी एक तास उपदेश करू! पण नहेम्याने आणि एज्राने तसे केले नाही. त्यांनी लोकांना सांगितले की हा दिवस परमेश्वरासाठी पवित्र आहे, तेव्हा शोक करू नका. घरी जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या. आणि त्याच वाक्यात तिसरी आज्ञा दिली : ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही, त्यांना वाटे पाठवा. परमेश्वरापासून मिळणारा आनंद हेच तुमचे बळ आहे, असा त्या बोलण्याचा शेवट आहे (८:१०).

बंधुजनहो, या तीन आज्ञा एकत्र आहेत. खा, प्या, पाठवा. पहिल्या दोन आपण कधी विसरत नाही. त्या पाळण्यासाठी उपदेशाचीही गरज लागत नाही. तिसरी गळली की सण परमेश्वराचा राहत नाही, आपला होतो.

आणि बाराव्या वचनात जे लिहिले आहे ते पाहा. लोक खायला, प्यायला, वाटे पाठवायला आणि मोठा आनंद करायला निघाले, कारण त्यांना सांगितलेली वचने त्यांना समजली होती. वचन समजल्याची खूण कोणती? पाठांतर नव्हे, डोळ्यांतले पाणीही नव्हे. घराघरांतून झाकलेली ताटे बाहेर पडली, ही ती खूण.

ज्यांच्यासाठी काही तयार नव्हते असे लोक त्या नगरात होते तरी कोण? तीन अध्याय मागे जा. पाचव्या अध्यायात गरिबांचा आक्रोश आहे. दुष्काळात धान्यासाठी त्यांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली होती, मुलामुलींना दास्यात दिले होते, आणि त्यांना व्याजाने पैसे देणारे परके नव्हते, त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने त्या सावकारांना बोलावून शेते परत करायला लावली. त्याच्या स्वतःच्या पंक्तीला रोज दीडशे माणसे जेवत असत, तरी लोकांवर भार नको म्हणून त्याने सुभेदाराचा भत्ता घेतला नाही. असा मनुष्य जेव्हा ‘वाटे पाठवा’ म्हणतो, तेव्हा तो शिष्टाचार शिकवत नसतो. ज्याची चूल आपल्यामुळे विझली असेल, त्याच्या दारी आधी जा, असे तो सांगत असतो.

आमच्या वहीतली यादी

येथे आम्हांला आमच्याच घरची एक गोष्ट कबूल केली पाहिजे.

आमच्या घरी नाताळाच्या ताटांची एक वही असे. कोणाकडे ताट पाठवायचे, त्यांच्याकडून आपल्याकडे आले की नाही, हे तीत लिहिलेले असे. यात वाईट हेतू नव्हता. कोणी राहू नये एवढाच हेतू होता. एके वर्षी आमच्या गल्लीतल्या, आमच्याच मंडळीतल्या एका कुटुंबाचा तरुण मुलगा पावसाळ्यात वारला. दफनविधी झाला, प्रार्थनासभा झाल्या, त्या दिवसांत आमच्या घरूनही पिठले-भाताचा डबा गेला. पुढे डिसेंबर आला. वही उघडली, तेव्हा आम्ही त्या नावावर रेघ मारली. “त्यांच्याकडे यंदा सण नाही. गोड पाठवून त्यांच्या दुःखावर मीठ कशाला चोळायचे?” असे आम्ही एकमेकांना म्हणालो, आणि आपण फार समजूतदारपणा दाखवला असे आम्हांला वाटले. त्या वर्षी आमच्या घरून एकवीस ताटे गेली.

नाताळ होऊन तिसऱ्या दिवशी त्या मुलाची आई दारी आली. तिच्या हातात आमचा तो पावसाळ्यातला डबा होता, घासून लख्ख केलेला. आत मूठभर साखर होती. ती म्हणाली, “वहिनी, रिकामा डबा कसा परत द्यायचा? परवा तुमच्याकडे माणसे असतील म्हणून आज आले.” तिला आत बसवले, चहा झाला. निघताना ती उंबऱ्याशी थांबली आणि सहज बोलल्यासारखी बोलली, “नाताळच्या दुपारी दार वाजले असे वाटून मी उठले होते. पण ते शेजारचे दार होते.”

शेजारचे ते दार आमच्याच मुलाने वाजवले होते. आमचेच ताट घेऊन तो गेला होता.

त्या बाईने आम्हांला एक शब्दही लावून बोलला नाही. पण त्या दिवशी नहेम्याच्या आठव्या अध्यायाचे दहावे वचन आम्हांला जसे कळले, तसे ते आधी कधी कळले नव्हते. शोकातले घर म्हणजेच तर ते घर, जेथे काही तयार केलेले नाही! आपण नेमके तेच वगळले. तिच्या दुःखाला जपतो आहोत असे आम्ही म्हणत होतो. खरे पाहता तिच्या समोर उभे राहून काय बोलावे हे आम्हांला सुचत नव्हते, आणि ते टाळायला आम्हांला एक चांगले कारण सापडले होते.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होते. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत अशी रीत आहे की ज्या घरी त्या वर्षी मृत्यू झाला, ते घर नाताळाचे गोड पदार्थ करत नाही; शेजारी ते त्या घरी पाठवतात. महाराष्ट्रातही सुतकातल्या, दुखवट्यातल्या घरी सणाचे पदार्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, नातलगांनी नेऊन देण्याची चाल घरोघर आहे. शोक करणाऱ्याने चूल पेटवू नये, आणि त्याला उपाशीही राहू देऊ नये, अशी ती दुहेरी माया आहे. रीतीभातींना आपण पुष्कळदा नावे ठेवतो. पण काही रीती अशा आहेत की त्यांच्यात वचनाचा अर्थ साठवून ठेवलेला असतो. तो काढून पाहण्याचे काम आपले आहे.

भाकरीचे घर

आता आपण बेथलेहेमास जाऊ या. या नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे, हे आपण संडे स्कूलमध्ये शिकलो. पण रूथच्या पुस्तकाचे पहिलेच वचन सांगते की या भाकरीच्या घरी एकदा भाकरी नव्हती. दुष्काळ पडला आणि एक कुटुंब पोटासाठी मवाब देशात गेले. तेथे नामीचा नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. ती परत आली तेव्हा गावच्या बायकांना म्हणाली, मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणले. तिच्याबरोबर होती फक्त एक सून, तीही परदेशी आणि विधवा.

ज्यांच्यासाठी काही शिजलेले नाही अशा दोघी त्या. मग काय झाले? सातूचा हंगाम सुरू झाला होता. बवाजाने रूथला आपल्या कापणीकरांच्या पंक्तीला बसवून हुरडा दिला. तिच्यासाठी पेंढ्यांतली कणसे मुद्दाम काढून टाकावी, म्हणजे वेचताना तिला लाज वाटणार नाही, अशी त्याने गड्यांना ताकीद दिली. आणि तिसऱ्या अध्यायात त्याने सहा मापे सातू मोजून तिच्या पदरात घातले व सांगितले की सासूकडे रिकाम्या हाताने जाऊ नकोस. रिकामी आले म्हणणाऱ्या नामीच्या घरी रिकामा हात जाऊ नये, एवढे त्याने जपले. या रूथचा पणतू दावीद, आणि दाविदाच्या कुळात, त्याच बेथलेहेमात, आपला तारणारा जन्मला. नाताळाची गोष्ट अशी एका शोकातल्या घरी पाठवलेल्या धान्यातून पुढे आली आहे.

आणि त्या पवित्र रात्री काय होते? मरीयेचे दिवस भरले, पण उतारशाळेत जागा नव्हती. बाळंतिणीसाठी कोणी पाणी तापवून ठेवले होते असे लूक लिहीत नाही. बाळाला ठेवायला मिळाली ती गव्हाण, म्हणजे जनावरांना चारा घालण्याची जागा. बंधुभगिनींनो, पहिल्या नाताळी ज्याच्यासाठी काहीही तयार केलेले नव्हते, तो आपला प्रभूच होता. म्हणूनच पुढे त्याने सांगितले की भुकेल्याला, परक्याला, आजाऱ्याला जे केले ते मला केले (मत्तय २५). हे त्याने केवळ उपमेने सांगितले नाही. त्या रांगेत तो स्वतः जन्मला होता.

तसेच, त्याच्या जन्माची वार्ता प्रथम कोणाला मिळाली? रात्रपाळीवर असलेल्या मेंढपाळांना. गाव निजले होते आणि ते रानात कळप राखीत होते. आजही चोवीस तारखेच्या रात्री आपल्या मंडळीतल्या परिचारिका इस्पितळात पाळीवर असतात, कोणी रेल्वेत असतो, कोणी पहारेकरी असतो, कोणी परगावी वसतिगृहात असतो. सण त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. देवाने मात्र तो आधी त्यांच्याकडेच पाठवला.

देहधारणाचा अर्थही आपण येथे समजून घेतला पाहिजे. इब्री लोकांस पत्राच्या आरंभी म्हटले आहे की देव पूर्वी संदेष्ट्यांच्या द्वारे अनेक वेळा, अनेक प्रकारे बोलला, आणि शेवटी पुत्राच्या द्वारे बोलला. निरोप पुष्कळ पाठवले होते. शेवटी तो स्वतः आला. आज मोबाईलवर एका क्षणात शंभर जणांना नाताळाच्या शुभेच्छा जातात. त्यात काही गैर नाही. पण ताट हातात धरून चालत जावे लागते, दार वाजवावे लागते, उघडणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. शब्द देही झाला, असे मानणाऱ्या लोकांनी निदान गल्लीच्या टोकापर्यंत तरी चालत जावे.

चुलीपर्यंत पोहोचलेला विश्वास

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही विश्वासाची परीक्षा पुष्कळदा स्वयंपाकघरातच झाली आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळेओवळे सुटले नव्हते. स्वयंपाकपाणी वेगळे होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना माहीत आहे की पुढे एके दिवशी त्यांच्या मनाने घेतले की हा जातिभेद देवाने केलेला नव्हे, माणसाने केलेला आहे. आणि तेव्हापासून कोणाच्याही हातचे खायला-प्यायला त्या तयार झाल्या. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. म्हणजे मंडळीत पाऊल पडण्याआधी ख्रिस्त त्यांच्या चुलीपर्यंत पोहोचला होता. आपल्यापैकी पुष्कळांचे उलट झाले आहे. बाप्तिस्मा होऊन तीन पिढ्या लोटल्या, आणि अमक्या वस्तीतल्या ख्रिस्ती घरचे ताट आले तर ते गुपचूप मोलकरणीला देऊन टाकणारी घरे आजही आपल्यात आहेत. प्रभुभोजनाला एका भाकरीतून घेणारे आपण, शेजाऱ्याच्या करंजीपाशी कुळ पाहतो! हे नाव घेऊन सांगितलेच पाहिजे : हे पाप आहे, आणि नाताळाच्या आधी ते टाकून दिले पाहिजे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण दुसऱ्या बाजूचे आहे. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी शाकाहार सोडला नाही. तो त्यांनी जन्मभर पाळला. देवाचे राज्य खाण्यापिण्यात नाही, नीतिमत्त्व, शांती आणि आनंद यांत आहे, असे पौल रोमकरांस लिहितो (१४:१७). ख्रिस्ती होण्यासाठी पदार्थ बदलावा लागत नाही. मन बदलावे लागते. त्याच रमाबाई १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुली व विधवा यांना घेऊन आल्या. पुढे १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकडो जणी आणल्या गेल्या. पुणे जिल्ह्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांच्यासाठी चूल पेटली. ज्यांच्यासाठी कोठेही काही शिजत नव्हते, त्यांच्यासाठी तेथे शिजले. आपल्या इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मंडळ्यांनी हे विशेष आठवावे, की मराठी ख्रिस्ती मंडळीच्या या थोर सेवेची हाक मध्य हिंदुस्थानाच्या आणि गुजरातेच्या दुष्काळी रस्त्यांवरून आली होती.

यंदाचे ताट

तर मग यंदाच्या नाताळी आपण काय करावे? चार गोष्टी आम्ही प्रेमाने सुचवतो.

पहिली : पहिले ताट शोकातल्या घरी जाऊ द्या. ज्या घरी या वर्षात मृत्यू झाला, दीर्घ आजार आला, नोकरी गेली, त्या घराचे नाव यादीच्या शेवटी न ठेवता आरंभी लिहा. काय बोलावे असा प्रश्न पडेल. काही बोलू नका. ताट द्या, पाच मिनिटे बसा. शेजारी शाकाहारी असेल, तर त्याच्यासाठी केक अंड्यावाचून करा. त्याच्या मनाला जपणे हाही सुवार्तेचाच भाग आहे.

दुसरी : ज्या भावाशी वाकडे आले आहे, त्याच्याकडे ताट पाठवा, शक्य तर स्वतः न्या. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून, मंडळीच्या निवडणुकीवरून, एखाद्या लग्नातल्या मानपानावरून अबोला धरलेली किती कुटुंबे एकाच उपासनामंदिरात दोन टोकांना बसतात! वेदीपाशी अर्पण आणले असता भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट कर, असे प्रभूने सांगितले (मत्तय ५:२३-२४). ताट परत आले तर? येऊ द्या. पुढल्या वर्षी पुन्हा न्या. आपल्याकडे येऊन नाकारला गेलेला पहिला तो आपण नव्हे.

तिसरी : ज्यांच्यासाठी काही तयार केलेले नाही अशी एक व्यक्ती आपल्या घरातच नाही ना, हे पाहा. ती बहुधा चुलीपाशी उभी असते. नाताळाची उपासना नऊ वाजता असते, आणि पाहुण्यांसाठी रस्सा आणि पुऱ्या करता करता घरची आई शेवटच्या गीताच्या वेळी मागच्या बाकावर येऊन टेकते. मग आपण मार्थेवर उपदेश करतो! मार्थेला प्रभूने प्रेमाने सावध केले हे खरे. पण पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या किनाऱ्यावर त्याच प्रभूने स्वतः विस्तव केला, मासळी भाजली, भाकरी ठेवली आणि रात्रभर राबून आलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावले (योहान २१). स्वयंपाक करणे देवाच्या पुत्राला कमीपणाचे वाटले नाही. मग घरच्या पुरुषांना का वाटावे? कणीक मळायला, भांडी घासायला वडिलांनी आणि मुलग्यांनी बसावे. पदार्थ दोन कमी झाले तरी चालतील, पण आई पहिल्या गीताच्या वेळी पहिल्या बाकावर असावी.

चौथी : कर्ज काढून सण करू नका. शेजाऱ्याच्या ताटात सात पदार्थ आहेत म्हणून आपल्या ताटात आठ असावेत, ही चढाओढ गव्हाणीपाशी शोभत नाही. सारफथच्या विधवेच्या घरी मडक्यात मूठभर पीठ आणि कुपीत थोडे तेल होते. तिने त्यातूनच एलीयाला आधी भाकर करून दिली (१ राजे १७). वाट्याचे मोल त्याच्या आकारावर नसते. चार शंकरपाळी आणि एक केळ एवढेच नेले, तरी ते परमेश्वराच्या सणाचा वाटा होतो.

शेवटी एवढेच, की आपण वाटे पाठवतो ते आपण उदार आहोत म्हणून नव्हे. पापात आणि मरणाच्या छायेत बसलेले आपणच ते घर होतो, जेथे काही शिजलेले नव्हते. आपल्याजवळ द्यायला काही नव्हते, परतफेड करण्याची शक्ती नव्हती, आणि खरे पाहता देवाच्या वहीत आपल्या नावावर रेघ मारायला पुरेसे कारण होते. त्याने ती मारली नाही. त्याने आपला एकुलता एक पुत्र, जीवनाची भाकर, आपल्या दारी पाठवला. ज्याला हे समजले, तो खाईल, पिईल, आनंद करील. आणि मग उठून, पायांत वहाणा घालून, झाकलेले ताट हाती घेऊन बाहेर पडेल.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तू आम्हांला वगळले नाहीस म्हणून आम्ही तुझी स्तुती करतो. आमच्या चुली, आमचे डबे आणि आमचे हात तुझ्या सेवेत घे. ज्यांना आम्ही विसरलो त्यांची नावे आम्हांला आठवून दे. ज्यांच्या समोर जायला आम्ही भितो, त्यांच्या दारापर्यंत आम्हांला चालव. ज्या घरांत या वर्षी एक जागा रिकामी झाली आहे, त्या घरांत तू स्वतः जाऊन बस. तुझ्या पुत्राच्या, आमच्या प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.